‘स्टुडंट’ नावाचा माणूस

एम-थ्रीच्या पुस्तकात ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली टेस्ट असणार, असाच माझा समज झाला. फॉर्म्युला पाठ केला, पेपरात मार्क मिळवले आणि विसरून गेलो. हा ‘स्टुडंट’ म्हणजे एक हाडामांसाचा माणूस होता, हे कळलं ते फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये अडकल्यावर.

आमच्या ग्रुपने साध्या काँक्रीटचे सहा आणि फ्लाय अ‍ॅश घातलेल्या काँक्रीटचे सहा क्यूब भरले. २८ दिवसांनी मशीनवर फोडले. फ्लाय अ‍ॅशवाल्यांची सरासरी दीड न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरने जास्त! आम्ही खूश. निष्कर्ष टाइप करून रिपोर्ट सरांपुढे ठेवला. सरांनी एवढंच विचारलं, की हा फरक फ्लाय अ‍ॅशमुळेच पडला कशावरून? निव्वळ योगायोग कशावरून नाही? आमच्याकडे उत्तर नव्हतं. लायब्ररीत जाऊन बसलो आणि तिथे मला विल्यम सीली गॉसेट भेटला.

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून १८९९ मध्ये तो डब्लिनला गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागला. म्हणजे आपल्यासारखाच, कॉलेजमधून थेट फॅक्टरीत गेलेला! बार्लीचं कुठलं वाण चांगलं, कुठला कच्चा माल सरस, असे प्रश्न तिथे रोजचेच. पण शेतातला प्रयोग वर्षातून एकदाच व्हायचा. त्यामुळे हातात आकडे यायचे चार, सहा, फार तर दहा. आणि त्या वेळचं संख्याशास्त्र तर भरपूर नमुने आहेत असं धरूनच चालायचं.

१९०६ मध्ये तो कंपनीतर्फे लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकायला गेला. पिअर्सन या शास्त्रातले मोठे गुरू, पण थोडक्या नमुन्यांचा प्रश्न त्यांना फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. गॉसेटच्या मात्र तो पोटापाण्याचा प्रश्न होता.

अडचण अशी, की सरासरीतला फरक मोठा की लहान हे स्टँडर्ड डेव्हिएशनशी ताडून ठरवायचं. पण नमुने चारच असतील तर ते स्टँडर्ड डेव्हिएशनसुद्धा अंदाजाचंच! म्हणून खात्री देण्याआधी जास्त मोठा फरक मागायला हवा. किती मोठा, हे गॉसेटने शोधलं. त्याने पडताळाही कसा घेतला बघा. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी ३००० कार्डांवर लिहिली, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडले. आपण कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करतो तेच, पण हाताने!

१९०८ मध्ये हा पेपर ‘बायोमेट्रिका’त छापून आला. कंपनीत नोकरांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापायला बंदी होती, म्हणून लेखकाचं नाव ‘स्टुडंट’. त्यात झोपेच्या दोन औषधांचं उदाहरण आहे. तेच दहा रुग्ण. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. रुग्ण दहाच, तरी हा फरक योगायोगाचा नव्हे, हे त्याने आकडेमोडीने दाखवलं.

त्याच्या गणितात एक जागा कच्ची होती. १९१२ मध्ये रोनाल्ड फिशर या तरुणाने पक्की सिद्धता त्याला पत्राने कळवली. पुढे दोन वेगवेगळ्या गटांच्या सरासऱ्यांना ही रीत लावली तीही फिशरनेच, आणि त्याच्या १९२५ च्या पुस्तकातून ती जगभर गेली. दोन गटांचं व्हेरिअन्स सारखं नसेल तर काय, या प्रश्नावर १९३८ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात लिहिणारे पां. वा. सुखात्मे तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे!

पिअर्सन आणि फिशर यांचं आपसात कधी पटलं नाही. गॉसेटचं दोघांशीही जमलं. १९३५ मध्ये तो गिनेसच्या लंडनमधल्या नव्या कारखान्यात गेला, १९३७ मध्ये हेड ब्रुअर झाला आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, वयाच्या ६१ व्या वर्षी वारला. एवढं नाव झालं, पण ते टोपणनावाचं!

आता आमचं प्रोजेक्ट. टी काढला, आला १.३. टेबलमध्ये १० डिग्रीज ऑफ फ्रीडम आणि ५ टक्क्यांना हवा २.२२८. म्हणजे आमचा निष्कर्ष गेला! ग्रुपमध्ये जोरात वाद झाला. फरक सिद्ध झाला नाही असं लिहिलं तर मार्क जाणार, हे पान गाळूया, असं दोघांचं म्हणणं. खरं सांगतो, माझंही मन डळमळलं होतं. पण ३००० कार्डं पिसत बसलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी लिहिलं, की सहा-सहा क्यूबांवरून फरक सिद्ध होत नाही; फरक नाहीच असंही म्हणता येत नाही; आणखी क्यूब फोडावे लागतील.

व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी नेमकं तेच पान उघडलं. वाचलं, मान डोलावली आणि पहिला प्रश्न टाकला, हा स्टुडंट कोण?

त्या दिवशी मला उत्तर येत होतं.

– अंतिम वर्ष, स्थापत्य