जपानी मुंग्यांना नावं देणारे शिक्षक : विल्यम मॉर्टन व्हीलर



परिसर अभ्यासात मुंगी हमखास येते. राणी, कामकरी, अळी, सहा पाय, साखरेची रांग, झालं! पण एखाद्या चौकस मुलाने विचारलं की ही मुंगी नेमकी कोणती, आणि ते ठरवतं कोण, तर आपण बहुतेक जण गप्प होतो. या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडतं अशा एका शास्त्रज्ञाची ओळख आजच्या लेखात करून घेऊ. वर्गात सांगायला सोपं जावं म्हणून मी त्यांच्या शेकडो मुंग्यांपैकी जपानच्याच मुंग्यांवर जास्त थांबणार आहे.

विल्यम मॉर्टन व्हीलर यांचा जन्म 19 मार्च 1865 रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात झाला. लहानपणी विल्यम चांगलाच व्रात्य होता. सरकारी शाळेत त्याचं काही जमेना, म्हणून घरच्यांनी त्याला शहरातल्या एका कडक जर्मन शाळेत घातलं. मिलवॉकीत तेव्हा जर्मन लोकांची मोठी वस्ती होती. शिस्त कितपत लागली ते सोडा, पण जर्मन भाषा पक्की झाली. पुढे इतरही भाषा आल्या. युरोपातले शास्त्रज्ञ जे काही छापत ते मूळ भाषेतून वाचायची सोय त्यामुळे झाली.

1884 साली मिलवॉकीत एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे रॉचेस्टरच्या वॉर्ड नावाच्या गृहस्थांनी भुसा भरलेले प्राणी, शिंपले, सांगाडे असा मोठा संग्रह आणला होता. एकोणीस वर्षांचा विल्यम खोकी उघडायला, माल लावायला आपणहून मदतीला गेला. वॉर्डने ते पाहिलं आणि त्याला थेट नोकरीवरच घेतलं. काम कसलं, तर आलेल्या नमुन्यांना नावं लावायची, यादी करायची. आजच्या भाषेत कारकुनी म्हणा हवं तर. पण ओळखायचं, तुलना करायची, चिठ्ठी लिहायची ही सवय हाताला लागली ती इथे.

नंतर हे गृहस्थ मिलवॉकीच्या हायस्कुलात चक्क शिक्षक झाले. विषय जर्मन आणि शरीरशास्त्र! शाळेचे प्रमुख होते जॉर्ज पेकहॅम. ते आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ हे दोघेही कोळ्यांचे नामांकित अभ्यासक होते. शाळा सांभाळून संशोधन करणारं हे जोडपं. त्यांच्या कोळ्यांची चित्रं व्हीलर काढून देत. मला स्वतःला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार आवडतो. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक झालेल्या माणसाची सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढायची तयारी एका शाळेत, मुख्याध्यापकांच्या मदतीने झाली होती.

त्यानंतरचा प्रवास भराभर सांगते. 1887 ते 1890 मिलवॉकीच्या संग्रहालयात काम, 1892 साली क्लार्क विद्यापीठाची डॉक्टरेट, विषय कीटकांच्या अंड्यात गर्भ कसा वाढतो हा. मग शिकागो विद्यापीठ. तिथे विभागप्रमुख होते चार्ल्स व्हिटमन. हे व्हिटमन आधी दोन वर्षं टोकियोत प्राणिशास्त्र शिकवून आले होते. त्यांच्याच विभागात शोझाबुरो वातासे नावाचे जपानी प्राणिशास्त्रज्ञ होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1899 मध्ये व्हीलर टेक्सासला, ऑस्टिनच्या विद्यापीठात गेले. समुद्र लांब, साधनं तुटपुंजी, जुना अभ्यास पुढे न्यायचा कसा? मुंग्या मात्र पायाखाली हव्या तेवढ्या! पानांचे तुकडे डोक्यावर छत्रीसारखे धरून चाललेल्या मुंग्या तिथे रोजच्या पाहण्यातल्या. पस्तिशीत आलेल्या या माणसाने आपला विषयच बदलला आणि मग मरेपर्यंत मुंग्या सोडल्या नाहीत. 1903 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत, 1908 पासून हार्वर्ड विद्यापीठात. 1910 साली त्यांचा मुंग्यांवरचा मोठा ग्रंथ आला, तो कित्येक दशकं अभ्यासकांचा आधार होता.

आता जपान. जपानच्या मुंग्यांची नोंद त्यांच्या आधी कोणी केलीच नव्हती असं नाही. ऑस्ट्रियाचे मायर, ब्रिटिश म्युझियमचे फ्रेडरिक स्मिथ यांनी काही जातींना नावं दिली होती. व्हीलर यांनी न्यूयॉर्कला असताना, 1906 मध्ये, जपानच्या मुंग्यांवर एक स्वतंत्र लेख लिहिला. त्यासाठी ते जपानात गेले नव्हते बरं का! मुंग्या त्यांच्याकडे आल्या, मेलेल्या, वाळलेल्या किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या. योकोहामाला ॲलन ओस्टन नावाचे इंग्रज व्यापारी होते, ते जगभरच्या संग्रहालयांना जपानचे प्राणी पुरवत. त्यांचं नाव त्या लेखातल्या एका मुंगीला मिळालं. आणि दुसऱ्या एका मुंगीला मिळालं वातासे यांचं, जे तोवर टोकियोला परतून तिथल्या विद्यापीठात शिकवत होते. आज तिचं नाव आहे प्रोसेरॅटियम वातासेई.

ही मुंगी सहजासहजी दिसत नाही. जमिनीत, कुजक्या लाकडात राहते. तिच्या पोटाचं टोक खालून पुढे वळलेलं असतं, म्हणून जपानीत या गटाच्या मुंग्यांना आकडीसारख्या पोटाची मुंगी या अर्थाचं नाव आहे. खाणं काय, तर मुख्यतः कोळ्यांची अंडी! (जाता जाता, हेच वातासे 1910 साली गंगेच्या मुखाकडची मुंगुसं ओकिनावा बेटावर घेऊन गेले. साप आणि उंदीर कमी व्हावेत हा हेतू. मुंगुसांनी तिथल्या दुर्मीळ पक्ष्यांवर ताव मारला. तो निराळ्या पाठाचा विषय आहे.)

मुंगीची जात ओळखायची म्हणजे करायचं काय? हल्ली पालकांच्या गटावर मोबाइलने काढलेला फोटो येतो आणि खाली प्रश्न, ही कोणती? फोटोत काळी किंवा लाल एवढं कळतं, आणि रंग हा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा. व्हीलर यांच्यासारखा अभ्यासक आधी शृंगिकेचे भाग मोजतो. मग जबड्यावरचे दात, त्यांची संख्या आणि आकार. डोळे कुठे, केवढे. कंबर एका गाठीची की दोन गाठींची. अंगावर खड्डे आहेत की रेघा, केस उभे की झोपलेले. मग ज्ञात असलेल्या सगळ्या जवळच्या जातींशी ताडून पाहायचं, आणि कशाशीच जुळलं नाही तरच नवं नाव. ज्या नमुन्यावरून वर्णन लिहिलं तो जपून ठेवायचा, म्हणजे पुढे कोणालाही शंका आली तर तो नमुनाच काढून पाहता येतो.

व्हीलर यांचं सगळंच काम टिकलं असं मात्र नाही. थोडा रंग वेगळा, थोडे केस जास्त, की दिलं नाव, असा त्या काळचा रिवाज होता. प्रजाती, जाती, उपजाती आणि त्याखाली आणखी एक प्रकार अशी चार-चार शब्दांची नावं तेव्हा पडली. त्यांची अशी बरीच नावं पुढच्या पिढीने रद्द केली. मुलांना हे सांगताना मी तरी संकोच करत नाही.

1918 मध्ये त्यांनी एक वेगळाच विचार मांडला. तोपर्यंत समजूत अशी होती की कामकरी मुंग्या अळ्यांना भरवतात ती निव्वळ माया. व्हीलर यांनी दाखवलं की देणंघेणं दोन्ही बाजूंनी आहे. अळीच्या तोंडातून आणि अंगातूनही द्रव पाझरतात, मोठ्या मुंग्या ते आवडीने चाटतात. घासाला घास अशा या देवाणघेवाणीवरच वारुळाचा संसार बांधलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ट्रोफॅलॅक्सिस, म्हणजे अन्नाची अदलाबदल, हे नाव दिलं. पुस्तकात आजही तोच शब्द आहे. पण सगळं काही या एका गोष्टीवर उभं आहे का, यावर तेव्हाही वाद झाले.

दहा वर्षांनी, 1928 साली, इटलीचे कीटकशास्त्रज्ञ फिलिप्पो सिल्वेस्त्री यांनी जपान आणि कोरियातून गोळा केलेल्या मुंग्या व्हीलर यांच्याकडे आल्या. त्यांत एक तांबूस, सुमारे चार मिलिमीटरची मुंगी होती. लांब जबडे, त्यांवर करवतीसारखे दात, अगदी बारीक डोळे. बहुतेक मुंग्यांची कंबर दोन्हीकडून बारीक असते, हिची मात्र मागच्या बाजूने पोटाला रुंद चिकटलेली. जुन्या धाटणीच्या मुंग्यांची ही खूण. व्हीलर यांनी तिला स्टिग्माटोमा प्रजातीत घातलं आणि जातीचं नाव ठेवलं सिल्वेस्त्री. जपानी लोक तिला नोकोगिरी-हारी-आरी म्हणतात. नोकोगिरी म्हणजे करवत, हारी म्हणजे सुई, आरी म्हणजे मुंगी. जंगलातल्या मातीत राहते, गोमेची शिकार करते. वर येत नसल्याने माती उकरल्याशिवाय भेटत नाही.

व्हीलर यांनी तिचं अंगप्रत्यंग लिहून ठेवलं. ती जगते कशी हे मेलेल्या नमुन्यावरून कळणं शक्यच नव्हतं. 19 एप्रिल 1937 रोजी, वयाच्या 72 व्या वर्षी, ते वारले.

जपानी संशोधक केइइची मासुको यांनी या मुंग्यांची वारुळं जिवंत ठेवून त्यांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि 1986 साली ते प्रसिद्ध केलं. राणी आपल्याच अळ्यांच्या पाठीची कातडी जबड्याने चिमटते आणि बाहेर येणारं रक्त, म्हणजे कीटकांचा हिमोलिंफ, चाटते. शिकार समोर पडलेली असली तरी तिचं पोषण याच्यावरच. अळी मरत नाही, अंगावर फक्त व्रण राहतात, आणि ती वाढून मुंगीही होते. अशा मुंग्यांना आता ड्रॅक्युला मुंग्या म्हणतात. अळी मोठ्यांना पोसते या व्हीलर यांच्या विचाराचं इतकं टोकाचं उदाहरण दुसरं क्वचितच असेल. आणि ते निघालं त्यांनीच नाव दिलेल्या मुंगीत, त्यांच्या मृत्यूनंतर 49 वर्षांनी!

वर्गात हे सांगितलं की मुलं आधी ई करतात आणि मग प्रश्न विचारतात. अळी का पळत नाही? तर तिला पायच नसतात. राणी शिकार का खात नाही? याचं उत्तर मुलांनाच शोधायला लावा, वारुळात अन्न कमी पडलं तर काय होईल इथून सुरुवात करा.

नावाची गंमत अजून संपली नाही. 1960 मध्ये ही मुंगी ॲम्ब्लिओपोनी या प्रजातीत हलवली गेली. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम असा, की जात दुसऱ्या प्रजातीत गेली की मूळ लेखकाचं आडनाव कंसात लिहायचं. त्यामुळे बरीच वर्षं व्हीलर कंसात होते. 2012 मध्ये मुंग्यांच्या वर्गीकरणाची पुन्हा तपासणी झाली, स्टिग्माटोमा ही प्रजाती पुन्हा वेगळी मानली गेली आणि मुंगी आपल्या पहिल्या घरी परतली. आता संग्रहालयातल्या चिठ्ठीवर स्टिग्माटोमा सिल्वेस्त्री व्हीलर, 1928 असं, कंसाशिवाय लिहितात.