ज्या स्टील कारखान्यात बायकांना मज्जाव होता, त्याच कारखान्याच्या फोटोंनी तिला जगभर नाव मिळवून दिलं

मागे खिडकीतून येणारा उजेड, जमिनीवर बसून वाचत असलेले गांधीजी आणि पुढ्यात चरखा. हा ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. दर २ ऑक्टोबरला तो कुणा ना कुणाच्या स्टेटसला असतो.

तो फोटो काढला मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन फोटोग्राफरनं. पण तिचं नाव झालं होतं ते चरख्याच्या बरोबर उलट्या गोष्टींमुळे. धुराडी, भट्ट्या, टर्बाइन, धरणं. कारखाना हीसुद्धा डोळे भरून बघण्यासारखी गोष्ट आहे, हे अमेरिकेला ज्या मोजक्या लोकांनी पटवून दिलं त्यात तिचा नंबर फार वरचा आहे.

मार्गारेटचा जन्म १४ जून १९०४ चा, न्यूयॉर्कमधला. वडील छपाई यंत्रांचे इंजिनिअर होते. एकदा ते लहानग्या मार्गारेटला ओतकाम चालतं तो कारखाना दाखवायला घेऊन गेले. अंधारात वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं जात होतं आणि ठिणग्या उडत होत्या. ते दृश्य तिच्या डोक्यात कायमचं बसलं.

पण ती लगेच फोटोग्राफर झाली नाही. कॉलेजात तिनं सापा-बेडकांचा अभ्यास केला. फोटोग्राफीचा एक कोर्स केला, तोही आईनं घेऊन दिलेल्या, भिंगाला तडा गेलेल्या सेकंडहँड कॅमेऱ्यावर. विशीतच लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलंही. शेवटी कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना खर्च भागवण्यासाठी तिनं कॅम्पसमधल्या इमारतींचे फोटो काढून विकायला सुरुवात केली. आर्किटेक्ट लोकांना ते आवडले आणि १९२७ मध्ये पदवी घेऊन ती क्लीव्हलँड शहरात आली.

तिथं पोटापाण्याचं काम ठरलेलं होतं. श्रीमंतांचे बंगले, बागा, आर्किटेक्टनी बांधलेल्या नव्या इमारती. घर म्हणजे एक खोली. त्यातच फिल्म डेव्हलप करायची आणि प्रिंट बाथटबमध्ये धुवायचे. पण मोकळा वेळ मिळाला की ती कॅमेरा घेऊन नदीकाठच्या कारखान्यांच्या पट्ट्यात जायची. कायाहोगा नदीच्या काठी धुराडी, पूल, मालगाड्या आणि स्टीलच्या गिरण्या यांची नुसती दाटी होती. बाकीचे लोक तिकडे नाक मुरडायचे, हिला तिथं चित्र दिसायचं.

(जाता जाता एक गोष्ट. तिच्या फोटोंत ढगांसारखा देखणा दिसणारा तो धूर शहराची हवा खराब करत होता आणि त्या नदीत इतकं तेल-रसायन सोडलं जायचं की नदीच्या पाण्यावर अनेकदा आग लागली. त्यातली १९६९ ची आग तर देशभर गाजली. फोटोत हे कुठेच दिसत नाही.)

बाहेरून फोटो काढून तिचं समाधान होईना. तिला आत जायचं होतं, भट्टीपाशी. पण स्टीलच्या कारखान्यात बाईला कोण घेणार? पूर्वी एकदा पाहायला आलेली एक बाई उष्णतेनं चक्कर येऊन पडली होती, तेव्हापासून बायकांना दारं बंद. मार्गारेट थेट ओटिस स्टील कंपनीच्या अध्यक्षांना जाऊन भेटली. यंत्रात सौंदर्य असतं हे तिनं त्यांना पटवलं. परवानगी देऊन ते परदेशी निघून गेले आणि मार्गारेट १९२७-२८ चा हिवाळाभर रात्रीमागून रात्री कारखान्यात जात राहिली.

आणि तिचे फोटो साफ फसले.

डोळे दिपवणारा वितळलेल्या स्टीलचा रस समोर वाहतोय आणि फिल्मवर काय, तर जवळजवळ काळोख. झालं असं होतं की त्या काळच्या फिल्मला लाल-नारिंगी रंग नीट दिसायचाच नाही. जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम चालायचं, आठवतंय? ते याच कारणामुळे. त्या कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही, म्हणून तो खराब होत नाही. भट्टीतला उजेड नेमका त्याच लाल-नारिंगी जातीचा. माणसाच्या डोळ्याला तो लख्ख, फिल्मला मात्र अंधार.

उपाय सापडला तो योगायोगानं. सिनेमाच्या शूटिंगसाठी वापरायच्या मॅग्नेशियमच्या मशाली घेऊन एक विक्रेता हॉलिवूडला निघाला होता. दिवाळीतली फुलबाजी कितीतरी पटींनी मोठी केली तर जसा पांढराशुभ्र उजेड पडेल, तसा या मशालींचा. त्यातल्या काही मार्गारेटच्या ओटिसमधल्या फोटोंसाठी पेटवल्या गेल्या. पांढऱ्या उजेडात निळा रंग असतो, फिल्मला तो दिसतो. ती भट्टीच्या इतकी जवळ गेली की कॅमेऱ्याच्या वॉर्निशला फोड आले आणि तिचा चेहरा भाजून लाल झाला. पण यावेळी सगळं आलं. रस, ठिणग्या, वाफ आणि मागची अवाढव्य शेड.

अध्यक्ष परत आले, फोटो बघून खूश झाले आणि एकेका फोटोला १०० डॉलर दिले. तेव्हाच्या मानानं ही रक्कम मोठीच.

हे फोटो ‘टाइम’ मासिकाचे मालक हेन्री लूस यांच्या नजरेस पडले. उद्योगजगतावर ‘फॉर्च्यून’ नावाचं नवं मासिक काढायचं त्यांच्या मनात होतं. १९२९ मध्ये त्यांनी मार्गारेटला तार करून बोलावून घेतलं.

तिच्या फोटोंची पद्धत एव्हाना ठरून गेली होती. अख्खा कारखाना दाखवायचा नाही, एक तुकडा उचलायचा. नांगराचे फाळ ओळीनं ठेवलेत, तर फ्रेममध्ये फक्त फाळच फाळ. यंत्र खालून बघायचं, म्हणजे ते देवळाच्या खांबासारखं उभं राहतं. उजेड आणि सावली यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या. आज इन्स्टाग्रामवर पूल आणि उंच इमारतींच्या फोटोंत जी ‘पॅटर्न’ची हौस दिसते, तिचं एक मूळ इथं आहे.

या फोटोंत माणूस असतो, पण मुंगीएवढा. यंत्र किती मोठं आहे हे कळावं यासाठी पट्टी ठेवावी तसा. हे फोटो पुष्कळदा कंपन्यांनीच पैसे देऊन काढून घेतलेले असत, हेही विसरून चालणार नाही. कामगाराचा पगार, त्याची भाजलेली बोटं हा त्या कामाचा विषयच नव्हता.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, त्या रात्री मार्गारेट बोस्टनच्या एका बँकेत इमारतीचे फोटो काढत होती. बँकेचे अधिकारी सारखे पळापळ करत फ्रेममध्ये येत होते आणि ती वैतागत होती. बाहेर काय कोसळलंय याचा तिला पत्ताच नव्हता. पुढे मंदीत लाखो कामगार रस्त्यावर आले, आणि १ डॉलर किमतीच्या ‘फॉर्च्यून’मध्ये तिचे चकचकीत कारखाने छापून येत राहिले. तिचा स्टुडिओ तेव्हा क्रायस्लर बिल्डिंगच्या ६१ व्या मजल्यावर होता आणि तिथं तिनं सुसरीच्या जातीचे प्राणी पाळले होते. १९३० मध्ये ती सोव्हिएत रशियातही गेली. तिथले नवे कारखाने आणि धरणं टिपायची संधी तोवर परदेशी फोटोग्राफरना जवळपास मिळालीच नव्हती.

मग १९३४ मध्ये ‘फॉर्च्यून’नं तिला दुष्काळाच्या कामावर पाठवलं. अमेरिकेच्या मध्य भागात माती अक्षरशः उडून जात होती. एका जुन्या विमानातून ती त्या भागावर फिरली. मेलेली जनावरं आणि घरदार सोडून निघालेली माणसं तिनं पहिल्यांदा जवळून पाहिली. त्यानंतर जाहिरातींचं भरपूर पैसे देणारं काम तिला नकोसं झालं आणि तिनं ते सोडून दिलं.

हा बदल एकाच अंकात बघायचा असेल तर २३ नोव्हेंबर १९३६ चा ‘लाइफ’ मासिकाचा पहिला अंक बघावा. मुखपृष्ठावर माँटाना राज्यातल्या फोर्ट पेक धरणाचं काँक्रीटचं बांधकाम आहे. किल्ल्याच्या बुरुजांसारखे प्रचंड खांब आणि तळाशी ठिपक्याएवढी दोन माणसं. (खरं तर ते धरण नव्हेच, काही मैलांवरचा त्याचा सांडवा आहे.) हा जुन्या मार्गारेटचा फोटो. पण आतली पानं उघडली की वेगळंच जग लागतं. धरणाच्या कामगारांच्या कळकट वस्त्या, शनिवार रात्रीचे दारूचे गुत्ते, नाचणारी जोडपी आणि गुत्त्यातच आणलेलं लहान मूल. तिला पाठवलं होतं बांधकामाचे फोटो आणायला. ती बांधणाऱ्यांची बिऱ्हाडंही घेऊन आली.

पुढची वर्षं धावपळीची गेली. दुसरं महायुद्ध, बॉम्बहल्ल्यातलं मॉस्को, बुखेनवाल्डची छळछावणी. आणि १९४६ मध्ये भारत.

पुण्यात ती गांधीजींकडे पोचली, तेव्हा सचिव प्यारेलाल यांनी अट घातली. फोटो काढायचाय? आधी सूत कातायला शिका. जगातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रांचे फोटो काढणारी बाई चरख्यापुढे बसली आणि तिचा धागा सारखा तुटत राहिला. गांधीजींचा मौनाचा दिवस होता, झोपडीत अंधार आणि फ्लॅशचे बल्ब वापरायची परवानगी फक्त तीन. दोन वाया गेले. तिसऱ्यानं काम केलं. यंत्रांबद्दलचं गांधीजींचं मत तिला पुढेही पटलं नाही, हे तिच्या भारतावरच्या पुस्तकात स्पष्ट दिसतं. पण त्या फोटोत चरखा पुढे आहे, मोठा आहे, आणि मागचा माणूस तरीही लहान वाटत नाही. भारताच्या याच मुक्कामात तिनं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही फोटो काढले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, ती गांधीजींशी बोलून आली होती.

१९५० च्या दशकात तिच्या हातापायांची हालचाल बिघडायला लागली. निदान झालं पार्किन्सनचं. मेंदूवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. बोटं चालती ठेवण्यासाठी ती कागद चुरगळण्याचे, कपडे पिळण्याचे व्यायाम तासन्‌तास करायची. आजाराचं लपवण्याऐवजी तिनं आपल्या सहकाऱ्याला स्वतःचे फोटो काढू दिले आणि ते ‘लाइफ’मध्ये छापूनही आले. १९६३ मध्ये आत्मचरित्र आलं. २७ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी ती गेली.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं १९३० च्या दशकाच्या आठवणी म्हणून काही तिकिटं काढली. त्यातल्या एकावर ‘लाइफ’चं ते पहिलं मुखपृष्ठ आहे. तिकिटाच्या आकारात खालची ती दोन माणसं शोधायची तर भिंगच घ्यावं लागेल.