पोरांच्या लाजेतल्या प्रश्नांना उत्तरं देणारे प्राध्यापक : र. धों. कर्वे

देवळी : बहुतेक वर्षी १४ जानेवारीला आपल्याकडे तिळगूळ वाटला जातो. याच तारखेला, १८८२ साली, कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावात एक मुलगा जन्मला. त्यानं पुढं आयुष्यभर जे सांगितलं, ते त्या काळात कोणालाही गोड लागलं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्याचं नाव. ज्या गोष्टी घरात, शाळेत, पारावर कोणी मोठ्यानं बोलत नाही, त्या त्यांनी साध्या मराठीत छापल्या. त्यापायी नोकरी गेली, कोर्टाचे खेटे झाले, दंड भरावा लागला. पण मासिक बंद पडलं नाही.

वडील महर्षी, मुलगा वाळीत

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. वडिलांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं. त्यासाठी गावानं वडिलांवर बहिष्कार टाकला. म्हणजे समाज रागावला की घराचं काय होतं, हे या मुलानं लहानपणीच पाहिलं होतं.

डोकं मात्र तल्लख. १८९९ मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले. गणित हा त्यांचा विषय. पुढं पॅरिसला जाऊनही ते शिकले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पगार चांगला, मान मोठा. गप्प बसले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं.

१९२१ : मुंबईत केंद्र सुरू

त्या काळी बाईला एकामागून एक बाळंतपणं येत. अंगात रक्त नाही, तरी पुन्हा दिवस गेलेले. कित्येक बाया बाळंतपणातच दगावत, आणि लोक त्याला नशीब म्हणत. कर्व्यांना हे नशीब मान्य नव्हतं. मूल कधी व्हावं आणि किती व्हावीत, हे नवरा-बायकोला, त्यातही बाईला ठरवता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. देशातलं असं पहिलं केंद्र म्हणून ते ओळखलं जातं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं तेही याच वर्षी. १९२३ मध्ये कर्व्यांचं 'संततिनियमन' हे पुस्तक आलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा, यावरही त्यांनी लिहिलं.

प्राध्यापकानं असल्या विषयावर उघड बोलावं, हे कॉलेजला पटलं नाही. प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला. कर्व्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही, हा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. लोकांना सांगायचं एक आणि घरात वागायचं दुसरं, असं त्यांचं नव्हतं.

'समाजस्वास्थ्य' आणि वाचकांचे प्रश्न

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. लिहायचे ते, तपासायचे ते, आणि खिशाला चाट लावून चालवायचेही तेच. शरीर ही लाजेची वस्तू नाही, असं ते मानत. म्हणून मुखपृष्ठावर बाईचं उघडं चित्रसुद्धा छापत. लोक भडकत. अंक फार खपत नसे. तरी तो चोरून वाचणारे कमी नव्हते.

या मासिकाचा जीव होता वाचकांच्या पत्रांत. मनात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं लोक त्यात विचारत. हस्तमैथुनानं अंगातली ताकद जाते का? पुरुषाला पुरुषाबद्दल ओढ वाटली तर तो रोग आहे का? बायकोला सुख मिळतं की नाही, हे कसं कळायचं? कर्वे कोणाला हसले नाहीत आणि कोणाला रागावलेही नाहीत. शरीरशास्त्र काय सांगतं, तेवढं ते सरळ लिहीत. हस्तमैथुनाची भीती घालून औषधं विकणाऱ्यांचा धंदा खोटा आहे, समलिंगी ओढ काही माणसांत जन्मतःच असते, आणि सुखाचा हक्क पुरुषाइतकाच बाईलाही आहे, ही त्यांची भूमिका होती. आज वाचताना यात विशेष काही वाटणार नाही. पण हे जवळपास नव्वद वर्षांपूर्वी मराठीत छापलं जात होतं!

कोर्टात बाबासाहेब उभे राहिले

अश्लील लिहितात म्हणून कर्व्यांवर खटले झाले. १९३१ मध्ये पहिल्या खटल्यात १०० रुपये दंड झाला. त्या काळी १०० रुपये म्हणजे मोठी रक्कम. वरच्या कोर्टातही निकाल बदलला नाही.

१९३४ मध्ये पुन्हा पकडलं. या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. आणि या वेळी त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एवढ्या मोठ्या लढ्यांत गुंतलेल्या माणसानं ही केस घेतली, हे अनेकांना माहीतच नाही. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. लोकांना प्रश्न पडतात, तर जाणकारानं उत्तर द्यायला हवं. अज्ञान जाईल ते ज्ञानानंच. समलिंगी माणसांबद्दल त्यांनी परदेशी शास्त्रज्ञ हॅवलॉक एलिस यांच्या अभ्यासाचा दाखला दिला. कोर्टानं मात्र ऐकलं नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

केस हरली, तरी विचार संपला नाही. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला.

वर्ध्यात तोच वाद

हा वाद मुंबईपुरता राहिला नाही. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला थेट वर्ध्याला आल्या. म्हणजे आपल्या देवळीपासून तासाभराच्या आतली जागा. गांधीजींना बायांचे हाल मान्य होते. पण उपाय संयमाचा हवा, साधनांचा नको, असं त्यांचं मत होतं. बाईंनी समजावलं, पण बापू मतावर ठाम राहिले. कर्वे तर आपल्या मासिकातून गांधीजींच्या ब्रह्मचर्याच्या विचारावर उघड टीका करत. मोठा माणूस आहे म्हणून बोलू नये, हे त्यांना जमलं नाही. त्यांची भाषा कडक होती, तडजोड माहीत नव्हती. त्यामुळे शिकलेल्या शहरी लोकांपलीकडे, आपल्यासारख्या खेड्यांत ते फारसे पोचले नाहीत, हेही खरं.

शेवटपर्यंत एकटे

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. कर्वे जे तीस वर्षं सांगत होते, ते सरकारी धोरण झालं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, ते गेले. २६ वर्षं चालवलेलं मासिकही त्यांच्याबरोबर संपलं. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. मुलाचं नाव मात्र बराच काळ कोणी घेतलं नाही. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा सिनेमा काढला, तेव्हा नव्या पिढीला ते कळले.

प्रश्न तेच, हातात मोबाईल

२००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध झाला आणि राज्यानं तो थांबवला. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. कर्व्यांना दंड झाल्याला तेव्हा ८४ वर्षं उलटली होती.

आज गावातल्या पोट्ट्यांच्या हातात मोबाईल आहे. प्रश्न पडला की ते कोणाला विचारत नाहीत, रात्री गुपचूप मोबाईलवर शोधतात. तिथं शिक्षण कमी आणि घाण जास्त. ताकदीच्या औषधांच्या जाहिराती अजूनही भिंतींवर रंगवलेल्या दिसतात, त्या लाजेवरच चालतात. मुलीला पाळी आली तर आई तेवढं सांगते; मुलाशी तर कोणीच बोलत नाही. आणि ज्याला आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत असं वाटतं, तो पोरगा किंवा ती पोरगी आतल्या आत कुढत राहते.

विचारायला जागा नाही असं मात्र नाही. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक ही सोय आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या आशाताईंकडे चौकशी करता येते. कोणी त्रास देत असेल, बालविवाह लावत असेल, तर १०९८ हा नंबर फुकट लागतो.

पण पहिली जागा घरच. पोरानं अवघड प्रश्न विचारला, तर रागवायचं की खरं उत्तर द्यायचं, एवढंच ठरवायचं आहे. कर्व्यांनी ते १९२७ मध्येच ठरवलं होतं.