बुरशीवर औषध शोधणाऱ्या एलिझाबेथ हेझन

जिवाणूंवर पेनिसिलिन मिळाले, पण बुरशीचे काय? हा प्रश्न धरून बसलेल्या एका शास्त्रज्ञ स्त्रीची ही ओळख.

एलिझाबेथ ली हेझन यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८५ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. काका-काकूंनी त्यांना वाढविले. पदवीनंतर त्यांनी शाळेत विज्ञान शिकविले. चाळिशी ओलांडल्यावर, १९२७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

पुढे त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करू लागल्या. प्रतिजैविके घेतलेल्या रोग्यांच्या तोंडात व आतड्यात यीस्टजातीची बुरशी माजत असे, कारण तिला आवर घालणारे जिवाणूच मरत. हेझनबाई मातीतील सूक्ष्मजीव वाढवून तपासत. एखादा बुरशीला रोखणारा निघाला की तो बरणीत भरून टपालाने ऑल्बनी शहरी रेचेल ब्राऊन यांच्याकडे पाठवीत. रसायनशास्त्रज्ञ ब्राऊनबाई त्यातील गुणकारी द्रव्य वेगळे करून परत धाडत. पण बहुतेक द्रव्ये प्राण्यांनाही विषारी ठरत.

अखेर व्हर्जिनियातील स्नेह्यांच्या शेतातील मातीत हवा तो सूक्ष्मजीव सापडला. १९५० मध्ये औषध जाहीर झाले. न्यूयॉर्क राज्यावरून त्याचे नाव ठेवले निस्टॅटिन.

ते बुरशीलाच का मारते, याचा उलगडा पुढे झाला. प्रत्येक पेशीभोवती पातळ पेशीपटल असते. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, तर यीस्टच्या पेशीपटलात त्याचाच भाऊबंद अर्गोस्टेरॉल. निस्टॅटिन अर्गोस्टेरॉलला घट्ट चिकटते, पटलाला छिद्रे पडतात, आतले पोटॅशियम गळून जाते आणि यीस्ट मरते. कोलेस्टेरॉलला ते कमी चिकटते, पण चिकटते; म्हणून ते रक्तात टोचत नाहीत, त्वचा, तोंड व आतडे यांपुरतेच वापरतात. काही यीस्ट मात्र अर्गोस्टेरॉलऐवजी वेगळे स्टेरॉल बनवू लागतात. मग औषधाला चिकटायला जागाच उरत नाही आणि ते निष्प्रभ ठरते.

१९६६ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्सला महापूर आला, तेव्हा बुरशी चढलेली चित्रे वाचविण्यासाठीही निस्टॅटिन वापरले गेले. या औषधाच्या हक्कापोटी एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. दोघींनी ती स्वतःसाठी न घेता विज्ञानाच्या संशोधनासाठी दिली.

२४ जून १९७५ रोजी हेझनबाईंचे निधन झाले. शेतातल्या मूठभर मातीतून त्यांनी केवढे धन काढले, आणि ते सारे वाटून टाकले!