बालकांच्या अंगणात : ताराबाई मोडक

जून महिन्यात कोणत्याही बालवाडीवरून जावे, तर आतून रडण्याचा एक सामुदायिक सूर कानी पडतो. आईचा पदर नुकताच सुटलेला असतो, खोली अनोळखी असते, शेजारचे मूल रडते म्हणून आपणही रडायचे असते. आणि या सर्व आकांताच्या मधोमध बहुधा विशी-बाविशीतील एखादी नवी शिक्षिका उभी असते. तिने पदविका मिळवलेली असते, तिचे फळ्यावरील अक्षर सुरेख असते, टिपणवहीत पाठ मुद्देसूद लिहिलेला असतो. परंतु तीन वर्षांच्या बालकापुढे यातील काहीच चालत नाही, हे तिला पहिल्याच तासात उमगते. शिक्षकी पेशाची आपल्या समाजाने जी उतरंड रचली आहे, तिच्यात हिचे मडके सर्वांत खालचे. प्राध्यापक वर, हायस्कूलचे मास्तर त्याखाली, आणि बालवाडीच्या बाई अगदी तळाशी. उतरंडीतले तळाचे मडके सर्वांत मोठे असते व वरचा सगळा भार तेच वाहते, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही.

या उतरंडीवरून स्वखुशीने खाली उतरलेली एक स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद सोडून ती बालवाडीतील शिकाऊ शिक्षिका झाली, आणि पुढे वयाची पन्नाशी उलटल्यावर एका खेड्यात जाऊन तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ताराबाई मोडक हे तिचे नाव.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेर केळकरांचे. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणास घरात विरोध नव्हता. उलट आग्रहच होता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या. १९१५ मध्ये त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली आणि पदरी लहान मुलगी घेऊन ताराबाई एकट्या राहिल्या. विभक्त झालेल्या स्त्रीकडे शंभर वर्षांपूर्वीचा समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. पुढे राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद त्यांना मिळाले. पद मानाचे होते. एकट्या आईला याहून अधिक काय हवे असते?

येथे थोडे मागे गेले पाहिजे. लहान मुलांस खेळातून शिकवावे, हा विचार या देशात तेव्हा अगदीच अपरिचित होता असे नाही. जर्मनीतील एका लूथरन पाळकाचा मुलगा फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली बालकांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या, तेव्हा फिलाडेल्फियात ही पद्धती त्यांनी मुद्दाम शिकून घेतली होती. रमाबाईंच्या चरित्रातील ही बाजू आपल्या मंडळींत फारशी सांगितली जात नाही. आपण त्यांना मुक्तिमिशनच्या संस्थापिका व बायबलच्या भाषांतरकर्त्या म्हणूनच स्मरतो. तथापि १९२० च्या सुमारासही लहान मुलांची शाळा म्हटली की धुळाक्षरे, पाढे व छडी हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येत असे.

याला छेद देणारा एक प्रयोग काठेवाडातील भावनगर येथे चालला होता. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते इटलीतील मारिया माँटेसोरी यांच्या लेखनापर्यंत पोहोचले आणि वकिली सोडून मुलांत रमले. दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांच्या या माणसाला लोक कौतुकाने ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. ताराबाईंनी हे काम जाणून घेतले, आणि १९२३ मध्ये राजकोटचे पद सोडून त्या भावनगरास गिजुभाईंच्या हाताखाली रुजू झाल्या. कालपर्यंत शिक्षिका घडविणारी बाई आज स्वतः शिकाऊ झाली.

नव्या बालशिक्षिकेस सर्वांत जड जाणारी गोष्ट कोणती, याचे उत्तर भावनगरच्या पद्धतीतच आहे. तिला गप्प बसावयास शिकावे लागते. मोठ्यांच्या वर्गात शिक्षक बोलतो व मुले ऐकतात. बालमंदिरात मूल आपल्या हाताने काहीतरी करीत असते आणि शिक्षिकेने शेजारी बसून पाहावयाचे असते. मूल दट्ट्या चुकीच्या भोकात बसवते, काढते, पुन्हा बसवते. हात शिवशिवतात, ओठांवर शब्द येतो, पण मदत केली की त्याचा शोध आपण हिरावून घेतला असे होते. शिक्षा नाही, तशी बक्षिसेही नाहीत. भीती व लालूच ही शिक्षकाच्या हातातील दोन्ही हत्यारे काढून घेतल्यावर उरते ते केवळ मुलाविषयीचे कुतूहल. बी.ए. झालेल्या बाईला हे नव्याने शिकावे लागले, तेही परक्या भाषेत, कारण भोवतालची मुले गुजराती होती. ताराबाईंनी ती भाषा अशी आत्मसात केली की पुढे गुजराती व मराठी दोहोंतून त्यांनी बालशिक्षणावर लेखन केले. १९२६ साली गिजुभाईंसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि नंतर मराठी ‘शिक्षणपत्रिके’ची धुरा वाहिली.

आनंदाचेही बोलले पाहिजे, कारण या कामाचा आनंद इतर कामांसारखा मोठ्या प्रसंगांतून येत नाही. महिनाभर दाराची कडी धरून उभे राहिलेले मूल एके दिवशी आपण होऊन रांगोळीच्या डब्याजवळ येऊन बसते. कोणाशी न बोलणारी मुलगी गाण्याचे शेवटचे अक्षर हळूच उच्चारते. बाहेरच्या माणसाला यात काहीच घडलेले दिसत नाही. शिक्षिकेचा मात्र तो दिवस सणाचा होतो. ताराबाईंनी बालगीत, गोष्ट, नाट्य व निसर्गनिरीक्षण यांना बालशिक्षणात जे मानाचे स्थान दिले, त्याचे मूळ अशा दिवसांत असावे असे मला वाटते.

सुमारे नऊ वर्षांनी त्या भावनगर सोडून मुंबईस परतल्या, व १९३६ साली दादर येथे ‘शिशुविहार’ सुरू झाले. शिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे चालले. नाव झाले. सुशिक्षित आईबाप मुले आणून घालू लागले. येथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते.

पण दादरच्या यशात एक सल होता. माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, मजुरांच्या मुलांसाठी काढले होते. भारतात येईपर्यंत तीच पद्धती सुखवस्तू घरांची झाली होती. रंगीत मनोरे, दट्ट्यांच्या पेट्या, गुळगुळीत लाकडी अक्षरे ही सारी साधने महाग, आणि ती घेण्याची ऐपत शहरातील मोजक्या शाळांचीच. ज्या मुलाला स्वातंत्र्य द्यावे असे आपण म्हणतो, ते मूल पोटभर जेवलेले व आंघोळ करून आलेले आहे, हे त्यात गृहीतच धरलेले असे. खेड्यातील मुलाचे काय? तेथे ही पद्धती टिकली नसती, तर ती बालकाच्या स्वभावावर आधारलेली आहे हा दावाच लटका ठरला असता.

१९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या व तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांचे वय तेव्हा त्रेपन्न होते. मदतीला होत्या अनुताई वाघ. १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या व रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. कस्तुरबांच्या स्मरणार्थ उभारलेल्या न्यासातर्फे बोरिवली येथे ग्रामसेविकांचे शिबिर झाले, तेथे त्यांची व ताराबाईंची गाठ पडली. शाळेत शिकवण्याचा अनुभव अनुताईंच्या गाठीशी भरपूर होता. बालवाडी मात्र त्यांना नवी होती. एक संसार मोडलेली, दुसरी बालविधवा. ज्यांना समाजाने घर नाकारले अशा या दोघींनी गावातल्या मुलांना घर दिले.

बोर्डीत शिकवणे दूरच राहिले. आधी मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरूज धुणे, डोळ्यांत औषध घालणे. पुष्कळ नव्या शिक्षिका येथेच खचतात, कारण आपण शिकवावयास आलो असून हे आयेचे काम आपल्या वाट्याला का, असे त्यांना वाटते. त्याहून अवघड प्रश्न जातीचा होता. बालवाडीत गावातील सवर्णांची मुले येत; दलित वस्तीतील, म्हणजे त्या काळच्या भाषेत हरिजनवाड्यातील, मुले येत नसत. दार उघडे ठेवले म्हणजे सर्वांना बोलावले असे होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर उभे केले, ते आज उघड्या दारातून सहज आत कसे येतील? तेव्हा शाळाच उठून त्यांच्या वस्तीत गेली. घरासमोरचे अंगण झाडायचे, सारवायचे, आणि तेथेच मुलांना गोळा करून गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. आया दारात उभ्या राहून पाहत. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी.

महागड्या साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. शिंपले, गुंजा, चिंचोके, खडे, पाने, बांबूच्या कांड्या, कुंभाराची चिमुकली मडकी, बुरुडाच्या टोपल्या. लहानमोठे, जडहलके, गुळगुळीत-खरखरीत हे भेद शिकवण्यास इटलीहून पेटी आणावी लागत नाही. अक्षर वाळूत गिरवता येते. ज्याला तत्त्व नीट समजले आहे त्यालाच साधन बदलता येते; ज्याला समजलेले नसते तो पेटीला चिकटून राहतो.

एक गाठ सुटली की दुसरी दिसे. बालवाडीत येणाऱ्या मुलाची थोरली बहीण शाळेत का येत नाही? तर तिच्या कडेवर तान्हे भावंड असते. आई मजुरीला गेलेली. मग तान्ह्यासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी व थोरलीसाठी प्राथमिक वर्ग, अशी तिन्ही एका आवारात आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. ही योजना कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती. ती त्या मुलीच्या कडेवरच्या ओझ्याकडे पाहून सुचली.

१९५० नंतरच्या दशकात केंद्राचे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. हा वारल्यांचा मुलूख. वेठबिगार व सावकारी यांनी पिचलेल्या या लोकांनी १९४५ पासूनच गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला होता. येथील मुले गुरे राखत. ती शाळेत बसली तर गुरांकडे कोण पाहणार? म्हणून कुरणातच शाळा भरली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. गुरे चरत असता झाडाखाली मुले मोजत, गात, चित्रे काढत. पुस्तकी मराठी या मुलांना परकीच होती, त्यामुळे प्रथम शिक्षिकांनी मुलांची बोली शिकावी लागे. वयाच्या साठीत ताराबाई तिसऱ्यांदा नवख्या झाल्या होत्या.

मानसन्मान आले. १९४६ नंतर काही वर्षे त्या मुंबईच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्या आयुष्यात या गोष्टींना किती जागा होती, हे कोसबाडचा पसारा पाहिला की कळते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी त्यानंतर एकोणीस वर्षे, २७ सप्टेंबर १९९२ रोजी स्वतःच्या मृत्यूपर्यंत, ते काम सांभाळले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज राजस्थानात जयपूरहून आग्र्याच्या वाटेवरील कानोत्याकडच्या मुलखात जावे किंवा ईशान्येकडील डोंगरांत जावे, बोर्डीच्या अंगणातला तो शब्द तेथे भेटतो. तेथील सेविका खिचडी शिजवते, वजने घेते, नोंदवह्या भरते, लसीकरणाच्या दिवशी आयांना बोलावून आणते, आणि उरलेल्या वेळात गाणी शिकवते. तिला मिळणाऱ्या रकमेला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला, तेव्हा त्या योजनेचे सत्तेचाळिसावे वर्ष चालू होते.