पदवी नसलेला कुलगुरू

इंग्लंडमधील केंट विद्यापीठात १९८९ साली वन्यजीव संवर्धनाच्या पदव्युत्तर अध्ययन-संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिला जेराल्ड डरेल यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठातील संस्थांना थोरांची नावे देण्याची प्रथा जुनीच आहे. पण ज्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली, त्या गृहस्थांनी आयुष्यात एकही परीक्षा दिलेली नव्हती. नियमित शाळेशी त्यांचा संबंध वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच संपला होता. दुर्मीळ प्राण्यांची पैदास करून त्यांना पुन्हा रानात सोडण्याचे शास्त्र आज अनेक देशांतील पदवीधर विद्यार्थी शिकतात. त्या शास्त्राची घडी बसविणाऱ्यांत या पदवीहीन माणसाचे स्थान फार वरचे आहे.

डरेल यांचा जन्म भारतातला, ७ जानेवारी १९२५ रोजी जमशेदपूर येथे झाला. टाटांच्या पोलाद कारखान्याभोवती ते शहर तेव्हा आकार घेत होते आणि वडील तेथे अभियंता होते. बोलू लागलेल्या जेराल्डला प्राणिसंग्रहालयाचे वेड तेव्हाच लागले, असे त्यांच्या घरात कौतुकाने सांगितले जाई. घरोघरच्या अशा कथांवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्नच आहे. पण हे वेड आयुष्यभर सुटले नाही, एवढे खरे. १९२८ मध्ये वडील वारले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला परतली. तेथल्या शाळेचा अनुभव कडू ठरल्यावर तिने मुलाला शाळेतून काढले ते कायमचेच.

१९३५ मध्ये हे कुटुंब ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहावयास गेले. पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती मिळविणारे थोरले बंधू लॉरेन्स यांची ती कल्पना. बेटावरची चार वर्षे हीच डरेल यांची शाळा. आणि गुरू कोण, तर थिओडोर स्टेफनिडीस हे डॉक्टर, कवी आणि निसर्गशास्त्रज्ञ. दहा वर्षांच्या मुलाशी ते बरोबरीच्या विद्वानाशी बोलावे तसे बोलत, सूक्ष्मदर्शकातून डबक्यातले पाणी दाखवीत, पाहिलेले टिपून ठेवावयास शिकवीत. विंचू, कासवे, घुबडे यांनी भरलेल्या त्या घराचे वर्णन डरेल यांनी १९५६ मध्ये ‘माय फॅमिली अँड अदर अ‍ॅनिमल्स’ या पुस्तकात केले. ते पुस्तक जगभर गाजले. आपल्याकडेही त्याचा वाचकवर्ग मोठा आहे. मात्र त्यांतील अनेकांना लेखकाचे खरे जीवनकार्य ठाऊक नसते.

महायुद्धामुळे १९३९ मध्ये बेट सोडावे लागले. १९४५ मध्ये डरेल यांना व्हिप्सनेड येथील प्राणिसंग्रहालयात शिकाऊ रखवालदाराची नोकरी मिळाली. पिंजरे झाडणे, मांस तोडणे, पाणी भरणे असे ते काम होते. येथेच एक घटना घडली, जिचे महत्त्व त्यांच्या चरित्रात पुरेसे ओळखले जात नाही असे वाटते. पेर डेव्हिड हरणाची पाडसे बाटलीने दूध पाजून वाढविण्याच्या कामात त्यांना हात लावावयास मिळाला. हे चिनी हरीण मायदेशात विसाव्या शतकाच्या प्रारंभीच नामशेष झाले होते. इंग्लंडमधील बेडफर्डच्या ड्यूकनी आपल्या वोबर्न येथील उद्यानात राखलेल्या कळपामुळेच ती जात जगात उरली होती. एखादी प्राणिजात रानातून पुसली गेली तरी माणसाच्या निगराणीत जिवंत राहू शकते, याचा पुरावाच या तरुणाच्या हातून दूध पीत होता. (हीच हरणे १९८५ मध्ये चीनला परत नेण्यात आली.) त्याच काळात डरेल नामशेष आणि संकटग्रस्त प्राण्यांविषयी मिळेल ते वाचू लागले. जगातील प्राणिसंग्रहालये मात्र प्राणी दाखविण्यातच मग्न आहेत, हे त्यांना खटकू लागले.

वयाच्या एकविसाव्या वर्षी वारशाचे तीन हजार पौंड हाती आले. ते त्यांनी प्राणी पकडण्याच्या मोहिमांवर उधळले. १९४७ च्या अखेरीस ते पहिल्यांदा पश्चिम आफ्रिकेतील कॅमेरून प्रांतात गेले. मग १९४९ मध्ये पुन्हा तेथे आणि १९५० मध्ये दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियानात. तिसऱ्या मोहिमेअखेर पैसे संपले होते. येथे एक गोष्ट स्पष्ट म्हणावयास हवी. पुढे संवर्धनाचे आचार्य ठरलेले डरेल प्रारंभी रानातून प्राणी आणून संग्रहालयांना विकणारेच होते. त्यांची पकडण्याची रीत इतरांहून दयाळू होती, हे मान्य केले तरी ती त्या काळाचीच रीत होती. या विसंगतीची जाणीव त्यांना स्वतःला झाली होती आणि पुढचे सारे कार्य त्या जाणिवेतूनच उगवले, असे म्हणता येईल.

१९५१ मध्ये जॅकी वोल्फेंडन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खिसा रिकामा आणि नोकरी नाही, अशा अवस्थेत जॅकी व लॉरेन्स यांच्या आग्रहावरून त्यांनी लेखणी उचलली. पहिले पुस्तक १९५३ मध्ये आले आणि यशस्वी झाले. लेखनाची त्यांना मनापासून आवड अशी नव्हतीच. पुस्तके त्यांच्या दृष्टीने प्राण्यांच्या दाणावैरणीची सोय होती. १९५७ मध्ये कॅमेरूनहून आणलेले प्राणी त्यांनी विकले नाहीत. बोर्नमथ येथे बहिणीच्या घरामागच्या बागेत ते ठेवले आणि प्राणिसंग्रहालयासाठी जागा मिळावी म्हणून स्थानिक कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. सरकारी उत्तरांची जात सर्वत्र सारखीच असावी. अखेर इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर एक जुना वाडा खंडाने मिळाला, प्रकाशकांनी कर्जाला हमी दिली आणि मार्च १९५९ मध्ये जर्सीचे प्राणिसंग्रहालय उघडले.

पहिली काही वर्षे फार ओढाताणीची गेली. कर्ज वाढत होते, संस्था बुडण्याच्या बेतात होती. १९६३ मध्ये डरेल यांनी कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि जर्सी वन्यजीव संरक्षण न्यासाची स्थापना केली. बोधचिन्ह निवडले ते डोडो पक्ष्याचे. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकात माणसाच्या आगमनानंतर काही दशकांतच नाहीसा झाला होता.

न्यासाचा विचार आज सर्वमान्य झाला असला, तरी तेव्हा अनेक जाणकारांना तो विक्षिप्तपणाचा वाटला. प्राणिसंग्रहालय हे प्रदर्शन नसून राखीव कोठार आहे. तेथे हत्ती-सिंहांपेक्षा कोणाचे लक्ष न गेलेल्या लहान, संकटग्रस्त जातींना आधी जागा मिळावी. आणि रान सुरक्षित झाले की त्यांची संतती परत पाठवावी, अशी त्याची मांडणी होती. बंदिवासातील पैदास हा रानाला पर्याय नव्हे, हेही डरेल वारंवार बजावीत. १९७२ मध्ये संकटग्रस्त जातींच्या पैदाशीवरील पहिली जागतिक परिषद जर्सीतच भरली.

पण प्राणी जर्सीत वाढवून भागणार नव्हते. ज्या देशांतले ते प्राणी, तेथे त्यांची निगा राखणारी माणसे हवी होती. १९७६ मध्ये डरेल मॉरिशसला गेले. तेथील ससाण्याचे १९७४ मध्ये रानात अवघे चार पक्षी ज्ञात होते. गुलाबी कबुतराची स्थितीही तशीच बिकट. पुढल्याच वर्षी जर्सीत पहिला प्रशिक्षणार्थी दाखल झाला तो मॉरिशसचा. पुढे तो आपल्या देशाच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा प्रमुख झाला. १९८४ मध्ये संग्रहालयालगतच्या जुन्या घरात आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राचे रीतसर उद्घाटन न्यासाच्या आश्रयदात्या राजकन्या अ‍ॅन यांच्या हस्ते झाले. डरेल त्याला कौतुकाने छोटे विद्यापीठ समजत.

तेथला अभ्यासक्रम कसा होता हे पाहण्याजोगे आहे. विद्यार्थी पदवीधर असो वा वनखात्यातील अधिकारी, त्याची सुरुवात रखवालदाराबरोबर पिंजरा स्वच्छ करण्यापासून होई. प्राण्याने काय खाल्ले, वजन किती, वर्तनात काय फरक पडला, याची नोंद रोजच्या रोज करावी लागे. कॉर्फूतील गुरूची शिकवण येथे शिस्त बनून उतरली होती. त्यावर मग शास्त्र उभे राही. प्रत्येक जातीची वंशावळ ठेवावयाची आणि मोजक्या मूळ पूर्वजांचा वारसा समतोलपणे पुढे जाईल, सगोत्र संबंध टळतील, अशा जोड्या जुळवावयाच्या. पक्ष्याची पहिली अंडी काढून उबवणी यंत्रात ठेवली तर मादी पुन्हा अंडी घालते; या युक्तीने एका हंगामात दुप्पट पिल्ले मिळतात. आजारांची तपासणी, विलगीकरण, रानात सोडल्यावर काही काळ पूरक अन्न, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त, गावकऱ्यांचे सहकार्य या साऱ्याचा अभ्यासात समावेश होता. या पद्धतींचे फलित मॉरिशसमध्ये कार्ल जोन्स यांच्या चिकाटीच्या कामातून दिसले. ससाण्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली. गुलाबी कबुतर २०१८ मध्ये, तर तेथील पोपट २०१९ मध्ये संकटाच्या यादीत एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ या वर्गात आला. यश निर्वेध नाही. ससाण्याची संख्या पुन्हा घटल्याने त्याला २०१४ मध्ये अधिक धोक्याच्या वर्गात टाकावे लागले.

वैयक्तिक आयुष्य या कार्याइतके सुव्यवस्थित नव्हते. संस्थेपायी संसाराकडे दुर्लक्ष झाले, मद्यपान वाढले आणि १९७९ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्यांनी ली मॅकजॉर्ज या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्त्रीशी विवाह केला. मादागास्करमधील प्राण्यांच्या ध्वनिसंवादावर संशोधन केलेल्या ली यांच्यामुळे डरेल यांचे त्या बेटाशी नाते घट्ट झाले. १९९० मध्ये आय-आय या निशाचर लेमूरच्या शोधात केलेली तेथील मोहीम त्यांची अखेरची ठरली. येल, डरहॅम आणि केंट या विद्यापीठांनी त्यांना सन्मान्य पदव्या दिल्या. परीक्षा न देता मिळालेल्या त्या झुलींचे त्यांना हसू येत असावे. १९९४ मध्ये यकृतरोपण झाले, पण प्रकृती सावरली नाही. ३० जानेवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी जर्सीच्या संग्रहालयाच्या आवारातच पुरण्यात आल्या.

१९९९ मध्ये न्यासाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या जन्मभूमीशी असलेला धागाही तुटला नाही. नामशेष झाले असे मानलेले आसामचे बुटके रानडुक्कर १९७१ मध्ये पुन्हा आढळले होते. डरेल यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९९६ मध्ये, त्यांचा न्यास व आसाम वनखाते यांच्या संयुक्त प्रकल्पासाठी मानसच्या गवताळ रानातून सहा डुकरे पकडण्यात आली आणि गुवाहाटीजवळ त्यांची पैदास सुरू झाली. वीतभर-दीडवीत उंचीचा हा प्राणी पर्यटकांच्या दृष्टीने कवडीमोलाचा. म्हणजे नेमका डरेल यांच्या पसंतीचा. त्यांची संतती २००८ पासून आसामच्या गवताळ प्रदेशांत टप्प्याटप्प्याने सोडली जात आहे.