कॉर्नवॉलिस आणि रसद

बंगालच्या कायमधारा पद्धतीमुळे लॉर्ड कॉर्नवॉलिसचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत रुजले आहे; परंतु तो हिंदुस्थानात आला तो एक पराभूत सेनापती म्हणून, याचे स्मरण क्वचितच होते. १७३८ साली उमराव घराण्यात जन्मलेल्या या गृहस्थाने १७६६ मध्ये अमेरिकन वसाहतींवर सर्वाधिकार सांगणाऱ्या कायद्याला लॉर्डांच्या सभेत विरोध केला होता. पुढे त्याच वसाहतींचे बंड मोडण्यास त्याला जावे लागले, हा दैवदुर्विलासच!

१७७७ मध्ये साराटोगा येथे एक ब्रिटिश सेना शरण गेली, पुढल्या वर्षी फ्रान्स युद्धात उतरला, आणि ब्रिटिशांनी युद्धाचा रोख दक्षिणेकडील वसाहतींकडे वळविला. तेथील राजनिष्ठ प्रजा शस्त्र धरील, जिंकलेला मुलूख तीच सांभाळील, असा हा स्वस्तातला हिशेब होता. मे १७८० मध्ये चार्ल्सटन पडले; ऑगस्टमध्ये कॅम्डन येथे कॉर्नवॉलिसने मोठा विजय मिळविला. परंतु ऑक्टोबरमध्ये किंग्ज माउंटनवर राजनिष्ठांची फौज नष्ट झाली आणि उरलेले उघडपणे पुढे येईनात. जानेवारी १७८१ मध्ये काउपेन्सला त्याची एक तुकडी गारद झाली. तेव्हा वेग वाढावा म्हणून त्याने स्वतःच्याच सैन्याच्या गाड्या, तंबू व सामानसुमान जाळून टाकले आणि भर हिवाळ्यात अमेरिकन सेनापती नथॅनिएल ग्रीनचा पाठलाग आरंभिला. ग्रीन डॅन नदीपार निसटला. मार्चमध्ये गिलफर्डचे मैदान कॉर्नवॉलिसने मारले खरे. पण सुमारे १९०० सैनिकांपैकी पाचशेंहून अधिक ठार वा जखमी झाले आणि उरलेल्यांना पोटभर अन्न नव्हते. किनारा गाठून तो वरिष्ठांच्या आज्ञेची वाट न पाहता व्हर्जिनियात शिरला. त्याच्या पाठीमागे ग्रीनने दक्षिणेतील बहुतेक मुलूख सोडविला, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

१७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल झाला. मे १७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणासमोर लढाई जिंकूनही त्याला मागे फिरावे लागले. बैल मरत होते, दाणागोटा संपला होता. वेढ्याच्या तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या. माघारीच्या वाटेवर हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. त्यांच्या बाजारात भाव चढे होते, परंतु धान्य होते. इंग्रज लष्कर त्यावर तगले. पुढच्या मोसमात बंजाऱ्यांचे बैलतांडे धान्य पुरविण्यास लावूनच त्याने पाऊल उचलले, आणि १७९२ मध्ये टिपूला अर्धे राज्य सोडावे लागले.

१८०५ मध्ये मराठ्यांशी चाललेले खर्चिक युद्ध आवरण्यासाठी तो पुन्हा आला आणि त्याच वर्षी गाझीपूर येथे मरण पावला.